ऑल्टरकेशन म्हणजे मारहाण नव्हे

नाताळ अंकाचे संपादक घरी आले आणि म्हणाले, "मार्थाबाई, तुमच्या कामाबद्दल लिहा. पण सणाचा अंक आहे, जरा आनंदाचं लिहा." मी त्यांना म्हटलं, "अहो, मी सगळं आयुष्य लोकांची भांडणं इंग्रजीत करण्यात घालवलं. त्यात आनंदाचं काय सापडणार?" ते म्हणाले, मग भांडणाबद्दलच लिहा. तेव्हा आता वाचकांनी तक्रार करायची ती त्यांच्याकडे करावी.

वसई गावात कोर्टापासून जवळ माझी भाड्याची खोली होती. दारावर पाटी: 'टायपिंग व भाषांतर, इंग्रजी–मराठी'. आत एक टाइपरायटर, एक टेबल, गिऱ्हाइकांसाठी बाक. सत्तरच्या दशकात मी तिथे बसायला लागले तेव्हा 'बाई कसलं भाषांतर करतात' हे बघायलाच लोक डोकावून जायचे. आमच्या वटारच्या घरी वडिलांना इंग्रजीचं वेड होतं. ते मुंबईच्या एका ऑफिसात होते आणि रविवारी चर्चमधली मिसा झाली की मला समोर बसवून इंग्रजी पेपर वाचायला लावायचे. त्या वेडावर पुढे माझं पोट चाललं.

काम साधं होतं. तालुक्याच्या कोर्टात साक्षी-जबाब मराठीत. पण हरलेला माणूस अपिलाला मुंबईला निघाला की तिथे प्रत्येक कागद इंग्रजीत लागे. आणि उलट, सरकारची किंवा कुठल्या कंपनीची इंग्रजी नोटीस कोणाच्या हातात पडली की तो ती घेऊन माझ्याकडे पळत येई. भाषांतर म्हणजे केळीचा घड या खांद्यावरून त्या खांद्यावर घ्यायचा, एवढंच लोकांना वाटतं. घड तोच राहतो, खांदा फक्त बदलतो. तसं असतं तर मी आज एवढी चिडकी झाले नसते.

भुईगावचे इनास आणि बस्त्याव हे दोघे भाऊ मला कधी विसरता येणार नाहीत. सामायिक विहिरीच्या पाण्यावरून त्यांची केस होती, एकमेकांचं तोंड बघत नव्हते. अपिलाचे कागद इंग्रजीत करायला इनास आला, आणि थोड्या वेळाने बस्त्यावही आला. मला वाटलं, आता माझ्या खोलीत डोकी फुटणार. पण दोघे एकाच बाकावर बसले. बस्त्याव म्हणाला, "बाय, मी याला जे बोललो ते नीट आलंय का, एवढंच बघायचंय. कमी नको व्हायला."

जबाबात होतं की बस्त्याव म्हणाला, 'तुझ्या वाडीत दगड पिकतील.' मी इंग्रजी वाक्य वाचून दाखवलं, मग त्याचा अर्थ सांगितला.

"बरोबर आहे," बस्त्याव म्हणाला. "पण हे ऐकून कोर्टातल्या साहेबाला राग येईल ना?"

"राग कशाला येईल? त्याला वाटेल, तुझ्या भावाच्या वाडीत खाण लागणार आहे."

इनास हसला. बस्त्याव भडकला. "तू का हसतोस? शिवी तुला दिलीय!" मग दोघांनी मिळून माझ्याशी तासभर वाद घातला, की इंग्रजीत एवढी मिळमिळीत शिवी चालणार नाही. ज्याला शिवी दिली आणि ज्याने दिली ते दोघे एका बाजूला, आणि मी एकटी दुसऱ्या बाजूला. शेवटी चहा मागवला, तो दोघांनी प्यायला, आणि बाहेर पडल्यावर पुन्हा दोन वेगळ्या दिशांना गेले.

मराठीत भांडणाच्या पायऱ्या आहेत. वाद असतो, कुरबुर असते, बोलाचाली होते, ती वाढली की बाचाबाची, आणखी वाढली की हमरीतुमरी. इथपर्यंत सगळं तोंडानेच चाललेलं असतं. झटापट म्हटली की हात आले, हाणामारी म्हटली की बहुतेक पोलीसही आले. शब्द ऐकल्याबरोबर कळतं, कितव्या पायरीवर काय झालं. त्यात आमच्या वसईत गावागणिक बोली. वटारची घरची बोली वेगळी, गासची वेगळी, किनाऱ्यावरची त्याहून वेगळी. प्रत्येकाचा भांडणाचा शब्द आपला आपला. मला आधी विचारावं लागे, "अहो, यात हात लागला का नाही, ते सांगा." लोक म्हणत, "बाई, तुम्हाला काय करायचंय? तुम्ही फक्त इंग्रजी करा."

आणि वकील! त्यांना साधा शब्द दाखवला की ते नाक मुरडायचे. "बाई, 'क्वारल' काय लिहिलंत? दोन जावांचं भांडण वाटतं ते. जरा वजनदार टाका. ऑल्टरकेशन टाका." त्या काळात वसईतल्या कुठल्याही कागदावर दोन माणसं एकमेकांवर ओरडली की ऑल्टरकेशन व्हायचंच. पोलिसांच्या कागदांत, पेपरांत, कंपन्यांच्या नोटिशींत, सगळीकडे. शब्द लांब आहे, तेव्हा भांडणही मोठं असणार, असा सगळ्यांचा समज. खरा अर्थ कोणी उघडून बघत नसे.

मी बघितला होता. शब्दकोशात त्याचा अर्थ मोठ्या आवाजातलं, रागाचं, पण तोंडी भांडण. एवढ्यावर माझं समाधान होईना म्हणून चर्चच्या म्हाताऱ्या फादरांना गाठलं. जुनी मिसा लॅटिनमधून करण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. ते म्हणाले, "मार्था, हा लॅटिनचा शब्द. यात 'आल्तेर' आहे, म्हणजे दोघांतला दुसरा. दुसऱ्याशी आळीपाळीने बोलणं, तू एक बोल, मी एक बोलतो. रोमन लोकांच्या कोर्टात लांबलचक भाषणं संपली की दोन वकील समोरासमोर उभे राहून एकमेकांवर सवाल-जवाब झाडायचे. त्याला ते हेच म्हणायचे." मग हसून म्हणाले, "तुझ्या शिंप्याचं अल्टरेशनही त्यातलंच. कपडा होता तसा न ठेवता दुसरा करायचा." मला तेव्हा गंमत वाटली. हे ज्ञान पुढे माझ्याच गळ्यात पडणार आहे, हे माहीत नव्हतं.

ऐंशीच्या आसपास रेल्वेच्या पूर्वेला कारखान्यांचे गाळे उभे राहिले. गावागावातली माणसं तिथे कामाला जायला लागली, बायकासुद्धा. कंपन्यांचा कारभार इंग्रजीत आणि कामगार मराठी. कामगाराने काही चूक केली असं मालकाला वाटलं की त्याला इंग्रजी आरोपपत्र मिळे, आणि मग कंपनीच्या आतच चौकशी होई. त्याला सगळे 'इन्क्वायरी' म्हणत. बाहेरून एक वकील चौकशी करायला येई. तो इंग्रजीत विचारणार, कामगार मराठीत बोलणार, म्हणून मध्ये दुभाषी लागे. ते काम मला मिळू लागलं. फी कंपनी देई. कंपनी फी देते म्हणून कामगार माझ्याकडे संशयाने बघत, आणि मी कामगाराचं म्हणणं पूर्ण सांगते म्हणून कंपनी माझ्यावर वैतागे. दोघांकडून वाईट ठरायचं असेल तर दुभाष्याच्या धंद्यासारखा धंदा नाही.

सुलोचना मला अशाच एका इन्क्वायरीत भेटली. गासची. सासर-माहेर दोन्ही गासचंच, भातशेतीवालं घर. स्टोव्हचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात ती पॅकिंगला होती. वय तिशीच्या आत, आवाज खणखणीत. शेताच्या एका बांधावरून दुसऱ्या बांधावर हाक मारायची सवय असलेल्या बाईचा असतो तसा.

प्रकरण असं होतं. कारखान्यात बायकांसाठी एकच संडास. बायका आत फार वेळ बसतात म्हणून दळवी नावाच्या सुपरवायझरने दाराची आतली कडी काढून टाकली. बायकांनी सांगून पाहिलं, त्याने हसण्यावारी नेलं. मग एके दिवशी एक नवीन मुलगी आत असताना माल नेणाऱ्या पुरुषांचा धक्का लागून दार सताड उघडलं. मुलगी रडत बाहेर आली आणि घरी निघून गेली. सुलोचना हातातलं काम टाकून दळवीच्या टेबलापाशी गेली आणि सगळ्या कारखान्यासमोर त्याला बोलली. तोही बोलला. तिने टेबलावर हात आपटला, टेबलाच्या कडेला ठेवलेला मालाचा खोका खाली पडला. एवढंच.

आरोपपत्रात लिहिलं होतं, वरिष्ठांशी ऑल्टरकेशन.

इन्क्वायरी मॅनेजरच्या केबिनमध्ये होती. चौकशी करणारे वकील मुंबईचे, घड्याळाकडे बघत बोलणारे. सुलोचना कोपऱ्यातल्या खुर्चीच्या टोकावर बसली होती. आरोपपत्र तिच्या हातात होतं. मला ती हळूच म्हणाली, "बाई, यात ते अल्टरेशन लिवलंय. मना शिवाला कुठं येतंय?"

मी म्हटलं, "अल्टरेशन नाही, ऑल्टरकेशन. म्हणजे बोलाचाली."

वकिलांनी इंग्रजीत प्रश्न केला. मी मराठीत विचारलं, "तुमची दळवीसाहेबांशी बोलाचाली झाली का?"

"झाली ना! झाली म्हंजे? मी वरडले, तो पन वरडला. सगल्या कंपनीनं आयकलं. पन मी काय लपवत नाय. का झाली ते विचारा ना."

मी हे सगळं इंग्रजीत सांगायला लागले. पहिल्या वाक्यानंतरच वकिलांनी हात वर केला आणि टायपिस्टला एक शब्द सांगितला: कबूल.

"साहेब, त्या पुढे बोलल्या आहेत. तेही ओरडले, असं म्हणतात. कारणही सांगायचं म्हणतात."

"आरोप मान्य आहे, चौकशीची गरज नाही," ते म्हणाले. "मॅडम, तुम्ही दुभाषी आहात. बाजू मांडायला तुम्हाला बोलावलेलं नाही."

साक्षीदार बोलावले नाहीत. कडीचं कोणी विचारलं नाही. सुलोचनाने अंगठा नाही, चांगली सही केली, सातवीपर्यंत शिकलेली होती. जाताना माझ्याकडे बघून हसली सुद्धा. तिला वाटलं, खरं बोलले, सुटले. मलाही वाटलं, बोलाचालीला काय होणार, फार तर ताकीद मिळेल, दोन-चार दिवस घरी बसवतील.

पुढच्या महिन्यात ती माझ्या खोलीत आली. बसली नाही. हातातला कागद माझ्या टेबलावर टाकला. तिला कामावरून काढलं होतं. मी कागद वाचला आणि माझं डोकं फिरलं. त्यात लिहिलं होतं की कामगाराने वरिष्ठांशी ऑल्टरकेशन केल्याचं स्वतः कबूल केलं आहे, म्हणजेच वरिष्ठावर शारीरिक हल्ला केल्याचं कबूल केलं आहे, अशा कामगाराला ठेवता येत नाही.

"काय लिवलंय?" तिने विचारलं.

मला सांगावंच लागलं. "तुम्ही दळवीला मारलं, असं लिहिलंय. आणि तुम्ही ते कबूल केलंत."

ती म्हणाली, "तुमी बोलला, बोलाचाली. मी तुमच्या तोंडावर इस्वास ठेवला. हो बोलले ते तुमाला बोलले. त्या साहेबाला मी वळखते पन नाय."

मी तिला समजवायला गेले, की माझं भाषांतर बरोबर होतं, चूक त्यांची आहे. ती म्हणाली, "बरोबर होतं ना? मग मी घरी कशी?" ती गेली. बाहेर दोन गिऱ्हाइकं वाट बघत होती, त्यांना मी उद्या या म्हणून सांगितलं. त्या दिवशी टाइपरायटरला हात लावावासा वाटला नाही.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात जाऊन मॅनेजरना भेटले. ते नेहमीसारखे गोड बोलले. "बाई, शब्दाचा अर्थ काय लावायचा ते आमचे वकील बघतील. तुम्ही कशाला मनाला लावून घेता?"

"कारण मी तिला बोलाचाली म्हणून विचारलं. ती बोलाचालीला हो म्हणाली. मारहाण केली का असं विचारलं असतं तर ती खुर्चीवरून उठली असती."

"मग तुम्ही मारहाण असं भाषांतर करायला हवं होतं," मॅनेजर शांतपणे म्हणाले.

इतक्या वर्षांत माझ्या भाषांतराला लोकांनी मिळमिळीत म्हटलं होतं, महाग म्हटलं होतं, पण महिन्याभरानंतर काय निकाल लावायचा आहे ते ओळखून आधीच त्याप्रमाणे शब्द वापरायला हवा होता, असं कोणी म्हटलं नव्हतं.

युनियनच्या एका माणसाने सुलोचनाची केस ठाण्याच्या लेबर कोर्टात लावली. कंपनीचा दुभाषीच आपला साक्षीदार होईल का, हे विचारायला तो माझ्याकडे आला. त्याच्या मागोमाग मॅनेजरही आले, यावेळी माझ्या खोलीवर. बाकावर बसून त्यांनी सहज बोलल्यासारखं सांगितलं, की आजूबाजूचे गाळेवाले सगळे त्यांचे मित्र आहेत, आणि दुभाषी वसईत आणखीही मिळतात. मी म्हटलं, "मिळतील. त्यांना बोलाचालीचा अर्थ आधी विचारून घ्या." हे बोलताना मी फार शूर होते असं नाही. त्या गाळ्यांच्या कामावर माझी खोली चालत होती. पण तिचं 'हो बोलले ते तुमाला बोलले' हे वाक्य माझ्या कानातून जात नव्हतं. ती मला हो म्हणाली होती. म्हणजे त्या 'हो'ची राखण करायची ती मीच.

साक्षीची तारीख लागायला दोन वर्षं गेली. ठाण्याला आम्ही घोडबंदरवरून एसटीने गेलो. मी, सुलोचना आणि तिचे सासरे. सासरे बारीक अंगाचे, कमी बोलणारे. अर्ध्या वाटेत त्यांनी मला विचारलं, "बाई, तुमी कंपनीच्या ना?"

"होते."

"मंग आता?"

"आता कोणाची नाही."

त्यांनी मान हलवली आणि पिशवीतली केळी मला दिली. सुलोचना खिडकीबाहेर बघत होती. साऱ्या प्रवासात एक शब्द बोलली नाही. तिच्या मनात अजून माझ्याबद्दल राग असेल, असं समजून मीही गप्प बसले.

कोर्टात कंपनीचे वकील तयारीने आले होते. त्यांनी इंग्रजी पेपरांची कात्रणं दाखवली. अमक्या ठिकाणी ऑल्टरकेशन झालं आणि एकाने दुसऱ्याला भोसकलं. तमक्या ठिकाणी ऑल्टरकेशननंतर दोघे इस्पितळात. "बघा," ते म्हणाले, "आज या शब्दाचा वापर कसा होतो. भाषा बदलते, बाई. तुमचा शब्दकोश जुना झाला."

"साहेब, पेपरवाला म्हणतो, आधी ऑल्टरकेशन झालं आणि मग चाकू मारला. दोन्ही एकच असतं तर त्याने 'आणि मग' कशाला लिहिलं असतं?"

"म्हणजे ऑल्टरकेशनमध्ये शारीरिक इजा असूच शकत नाही, असं तुमचं म्हणणं?"

"पुढे होऊ शकते. पण ती झाली तर तिला दुसरा शब्द आहे, आणि तो तुमच्या आरोपपत्रात नाही."

"हे तुम्ही कशावरून सांगता?"

मग मी चिडले. दोन वर्षांचा राग होता, तो लॅटिनवर बाहेर आला. मी आल्तेरपासून सुरुवात केली. म्हटलं, या शब्दाच्या पोटातच दुसरा माणूस आहे. मारायला एकटा माणूस पुरतो, ऑल्टरकेशनला दोघे लागतात. मग दुसऱ्या माणसावर, दळवीसाहेबांवर, आरोपपत्र का नाही? रोमन कोर्टात वकिलांच्या सवाल-जवाबालाच हा शब्द होता. "आत्ता तुमचं आणि माझं जे चाललंय ना साहेब, तेच ऑल्टरकेशन. तुमचा आवाज चढलाय, माझाही चढलाय. पण तुम्ही मला अजून मारलेलं नाही."

मागे बसलेले लोक हसले. युनियनवाला तर टाळी वाजवायचाच बाकी होता. मी न्यायाधीशांकडे बघितलं. ते हसले नव्हते.

"बाई," ते म्हणाले, "रोममध्ये काय होत होतं त्यावर मी निकाल देऊ शकत नाही. ही माहिती छान आहे, पण पुरावा नाही. मला एकच सांगा. त्या दिवशी, त्या खोलीत, तुम्ही या बाईंना नेमका कुठला शब्द विचारलात?"

"बोलाचाली."

"दुसरा कुठलाही शब्द वापरलात?"

"नाही."

"मारहाण, हल्ला, अंगावर जाणं, हात उगारणं?"

"नाही."

"त्यांनी उत्तर काय दिलं, ते त्यांच्याच शब्दांत सांगा."

मी सुलोचनाच्या शब्दांत सांगितलं. मी वरडले, तो पन वरडला, का झाली ते विचारा ना. न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं. कंपनीच्या वकिलांना विचारलं, "तुमच्या कागदावर फक्त 'कबूल' आहे. ही वाक्यं कुठे आहेत?" वकिलांनी कागद चाळले. माझं सारं लॅटिन वाया गेलं होतं, आणि जे कामी आलं ते गासच्या बाईचं वाक्य, जसंच्या तसं.

मग सुलोचनाला उभं केलं. वकिलांनी तिला विचारलं, टेबलावरचा खोका तुम्ही फेकलात ना?

"फेकला असता तर सांगितलं असतं," ती म्हणाली. "मी टेबलावर हात आपटला, त्यानं तो पडला. मना राग आलेला. राग आलेला ते पन मी पयल्या दिवशी बोलले."

"तुम्ही दळवींना हात लावलात?"

"त्याला कशाला लावू? मना कडी पायजे होती, तो नको होता."

यावेळी न्यायाधीश हसले.

निकाल लगेच लागला नाही. लेबर कोर्टात लगेच काही लागत नाही. तारखा पडत राहिल्या. दरम्यान गाळ्यांची कामं माझ्याकडून एकेक करून गेली. कोणी भांडलं नाही, कोणी सांगितलं नाही, फक्त बोलावणं यायचं थांबलं. मी पुन्हा विहिरी, बांध, वाटण्या यांच्यावर आले. एकदा कोर्टाबाहेर इन्क्वायरी घेणाऱ्या त्याच मुंबईच्या वकिलांची गाठ पडली. ते मला म्हणाले, "मॅडम, एका शब्दासाठी केवढा त्रास दिलात." मी म्हटलं, "तो शब्द तुमच्याच कागदातला होता." त्यांनी घड्याळात बघितलं.

निकालाची प्रत युनियनवाल्याने आणून दिली ती सुगीच्या दिवसांत. प्रत इंग्रजीत. तो म्हणाला, तुम्हीच वाचून दाखवा, सुलोचनाबाई दुसऱ्या कोणाचं ऐकणार नाहीत. मी गासला गेले. खळ्यात भाताचे भारे रचलेले, झोडणी चाललेली. सुलोचना, तिची सासू, सासरे, शेजारच्या दोघीतिघी, सगळे हातातलं काम ठेवून गोळा झाले. मला खाट टाकून दिली. मी चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचायला लागले, इंग्रजी वाक्य डोळ्यांनी आणि मराठी तोंडाने. चौकशी न्यायाने झाली नाही. कामगाराला जो शब्द सांगितला तेवढाच तिने मान्य केला. हल्ल्याचा पुरावा नाही. मोठ्या आवाजात बोलल्याबद्दल ताकीद पुरेशी होती. मग पुनःस्थापनेचा शब्द आला. मी पुनःस्थापना म्हटलं आणि सासऱ्यांनी विचारलं, "ती कवा आनि कुठं करायची?"

मी चष्मा काढला. "म्हणजे सुलोचनाला परत कामावर घ्यायचं. कंपनी मान्य करते असं त्यांनी कळवलंय, वरच्या कोर्टात जाणार नाहीत. सोमवारपासून ये म्हणालेत."

सासूने पुन्हा भाताचा भारा उचलला. मला वाटलं, कळलं नाही की काय, पुन्हा सांगू का. तेवढ्यात सुलोचना उठली, पदराने हात पुसले आणि सासूकडे वळून म्हणाली, "सोमवारपासून झोडनीला मी नाय हां."

"नाय म्हंजे?" सासू म्हणाली. "एवढा भात कोन झोडनार? तुजा मालक?"

"तुमचा सोन्यासारखा लेक हाय ना घरात. त्याला सांगा."

"माज्या लेकाचं नाव काडू नको. ह्यो खळा संपल्याशिवाय कुठं जायाचं नाय."

"कोर्टानं सांगितलंय, तुमी कोन?"

सासूने कमरेला पदर खोचला. सुलोचनाचा आवाज चढला, तो पहिल्या दिवशी केबिनमध्ये ऐकला होता तसा, खणखणीत. शेजारणी एकीची बाजू घेऊन मग दुसरीची घ्यायला लागल्या. माझ्या मांडीवर निकालाची अर्धी पानं वाचायची राहिली होती. त्यात मधल्या काळातल्या पगाराचं होतं, नोकरी सलग धरण्याचं होतं, सगळं तिच्याच फायद्याचं. मी दोनदा "अहो, ऐका तरी पुढे" म्हटलं. कोणाचं लक्ष नव्हतं. ज्या निकालासाठी माझी निम्मी गिऱ्हाइकं गेली तो ऐकायला खळ्यात एक माणूस तयार नव्हता. मी कागदांची घडी घातली, सासऱ्यांच्या हातात दिली आणि चपला शोधायला लागले.

"अहो, तुम्ही तरी त्यांना थांबवा," मी त्यांना म्हटलं. "निकाल पूर्ण ऐकायला नको का?"

ते मला रस्त्यापर्यंत पोचवायला आले. मागे दोघींचा आवाज अजून येत होता. ते जरा थांबले, कान देऊन ऐकलं, आणि पहिल्यांदाच मला हसताना दिसले.

"वरडू दे बाई," ते म्हणाले. "कामावरून काडली तवापासून ती घरात कोनाशी बोललीच नव्हती."